पूजेची वर्गणी आणि तीन प्रश्न: धर्माबद्दल तत्त्वज्ञ नेमकं कशावर भांडतात?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीची वार्षिक सभा गेल्या आषाढात झाली. पालख्या नुकत्याच शहरातून पुढे गेल्या होत्या. विषयपत्रिकेवर पाण्याच्या टाकीची गळती होती, लिफ्टचं कंत्राट होतं आणि सगळ्यात खाली, जवळजवळ लाजत लिहिलेला, ‘श्रावणातील सत्यनारायण पूजेचा खर्च’ हा विषय होता. टाकी आणि लिफ्ट वीस मिनिटांत आटोपली. पूजेवर सव्वा तास गेला.

पहिल्या मजल्यावरच्या काकांनी सगळी नोकरी कारखान्याच्या तपासणी खात्यात काढली. ते म्हणाले, “आधी देव आहे याचा पुरावा द्या, मग खर्चाचं बोलू.” समोरच्या काकू म्हणाल्या, “पुरावा-बिरावा राहू द्या हो. त्या एका दिवशी सगळी बिल्डिंग खाली उतरते. एरवी लिफ्टमध्येसुद्धा कोणी कोणाशी बोलत नाही.” त्यावर नुकताच फ्लॅट घेतलेला आयटीतला मुलगा म्हणाला, “काकू, देव असू दे नाहीतर नसू दे. माझ्या मेंटेनन्समधून पूजा करायची, हे ठरवलं कोणी?”

आपण एकमेकांना उत्तरं देतोय, अशी तिघांचीही समजूत होती. पण काकांचा प्रश्न होता, हे खरं आहे का? काकूंचा होता, याचा उपयोग काय? आणि मुलाचा होता, ठरवणार कोण? धर्मावर लिहिलेलं तत्त्वज्ञान कितीही जाडजूड असलं, तरी बहुतेक सगळं या तीन प्रश्नांत बसतं. टीव्हीवरच्या चर्चा कानठळ्या बसवतात याचं निम्मं कारण हेच, की एकाने विचारलेल्या प्रश्नाला दुसरा भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो. हे समजून घ्यायला फार लांब जायची गरज नाही. या तिन्ही प्रश्नांवर पुण्याच्या पेठांतून माणसं हाडवैर धरण्याइतकी भांडलेली आहेत.

आधी शब्दाचा घोळ

‘धर्म’ हा शब्द आपण किती कामांना जुंपलाय बघा. शेजारधर्म पाळणारा माणूस देव मानत असेलच असं नाही. शाळेच्या पुस्तकात लोखंडाचे गुणधर्म असतात. ‘धर्म करता कर्म उभे राहते’ या म्हणीतला धर्म म्हणजे परोपकार. गणेश मंडळ जिथे हिशेब देतं ते कार्यालय धर्मादाय आयुक्तांचं, आणि तिथेच शाळा-रुग्णालयांचे न्यासही नोंदलेले असतात. संस्कृतातल्या ‘धृ’ या धातूचा अर्थ धरून ठेवणं, तोलून धरणं. म्हणून धर्म म्हणजे स्वभाव, कर्तव्य, रीत, कायदा, दान असं बरंच काही.

पुढे इंग्रजीतून ‘रिलिजन’ आला. त्याच्या पोटात एक देव, एक ग्रंथ, एक संघटना आणि ‘तुझा विश्वास कशावर आहे?’ हा सवाल होता. त्याला प्रतिशब्द म्हणून आपण ‘धर्म’च वापरला आणि तेव्हापासून गोंधळ चालू आहे. ‘धर्माशिवाय समाज टिकत नाही’ असं एकजण म्हणतो तेव्हा त्याच्या मनात शेजारधर्म असतो. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र देऊळ, मशीद आणि भोंगे असतात.

आपल्याकडच्या जुन्या वाटण्या तर आणखी चक्रावणाऱ्या आहेत. भारतीय दर्शनांत ‘नास्तिक’ म्हणजे वेदांचं प्रामाण्य न मानणारा. देव मानतो की नाही, याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. त्यामुळे यज्ञविधींचे सगळ्यात कडवे वकील असलेले मीमांसक आस्तिक ठरतात, आणि तरीही जगाचा कर्ता ईश्वर ते मानत नाहीत. यज्ञ करायचा तो वेदाने सांगितला म्हणून, कुणी ईश्वर खूश होईल म्हणून नव्हे. म्हणजे कर्मठपणा आणि निरीश्वरवाद एकाच घरात सुखाने नांदले. हे आमच्या काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.

पुढे मी धर्म म्हणेन तेव्हा श्रद्धा, विधी आणि त्यांच्याभोवती जमलेली माणसांची संघटना, एवढाच अर्थ घ्या.

पहिला प्रश्न: खरं आहे का?

ईश्वर आहे हे सिद्ध करायचा सगळ्यात परिचित युक्तिवाद आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या जुन्या विचारशाखेत आहे. मडकं दिसलं की कुंभार होता हे कळतं. जग हेही घडवलेलं दिसतं, तेव्हा त्याचाही कोणी कर्ता असणार. दहाव्या शतकाच्या सुमारास उदयनाचार्यांनी अशा युक्तिवादांची मोठी फळी उभी केली. बौद्ध आणि मीमांसक शतकानुशतकं त्यांच्याविरुद्ध लढत होते. चार्वाक या जडवादी पंथाला तर अनुमानाचीच खात्री नव्हती. जे दिसतं ते खरं, बाकीचं तुमचं तुम्ही बघा, असा त्यांचा खाक्या.

युरोपात या युक्तिवादावर सगळ्यात खोचक हल्ला स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने केला. तो १७७६ मध्ये वारला आणि त्याचे धर्मविषयक संवाद १७७९ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर छापले गेले. त्याचं म्हणणं पुण्यातल्या माणसाला समजावायला अगदी सोपं आहे. रस्ता बघून तुम्ही म्हणालात की हा कोणीतरी केलाय, ठीक. पण रस्त्याकडे नीट बघा. आधी डांबर पडलं, मग पाण्याच्या पाइपसाठी खणला, मग ड्रेनेजसाठी, मग केबलसाठी. यावरून ‘एकच, सर्वज्ञ आणि परमदयाळू कर्ता’ निघतो का? निघाली तर एकमेकांशी न बोलणारी चार खाती निघतील. ह्यूमने महापालिका पाहिली नव्हती, पण जग हा एखाद्या नवशिक्या देवाचा पहिला कच्चा प्रयत्न असेल किंवा अनेक देवांनी मिळून केलेलं काम असेल, असं त्याने खरोखरच सुचवलं होतं.

मग पुराव्याशिवाय श्रद्धा ठेवावी का? इथे दोन माणसांची जुगलबंदी आहे. इंग्लंडच्या विल्यम क्लिफर्डने १८७७ मध्ये एका जहाजमालकाचं उदाहरण दिलं. जहाज जुनं, डागडुजीला पैसे लागणार. मालकाने स्वतःची समजूत घातली की इतक्या फेऱ्या सुखरूप झाल्या, हीही होईल. त्याचा विश्वास अगदी प्रामाणिक होता. जहाज माणसांसकट बुडालं. क्लिफर्ड म्हणतो, मालक दोषी आहे, आणि जहाज तरलं असतं तरीही दोषीच असता, कारण तो विश्वास ठेवण्याचा त्याला हक्क नव्हता. १८९६ मध्ये अमेरिकेच्या विल्यम जेम्सने त्याला उत्तर दिलं. काही निर्णय पुराव्यासाठी थांबत नाहीत, आणि थांबणं हाही एक निर्णयच असतो. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात तुम्ही पुढच्या चाळीस वर्षांचा पुरावा मागितलात तर लग्न होणारच नाही. विश्वास टाकल्यावरच काही गोष्टी खऱ्या होतात.

मला दोघंही पटतात, पण वेगवेगळ्या ठिकाणी. श्रद्धेची किंमत स्वतः मोजायची असेल तिथे जेम्स. ती दुसऱ्याला मोजावी लागणार असेल तिथे क्लिफर्ड. आजी आजारपणात रामरक्षा म्हणते, तिला कोणी पुरावा मागू नये. साप चावलेल्या मुलाला दवाखान्यात जाऊ न देता मांत्रिकाकडे बसवून ठेवणारा मात्र त्या जहाजमालकाचा भाऊ आहे.

पुण्यात हा पहिला प्रश्न आडपडदा न ठेवता विचारला तो गोपाळ गणेश आगरकरांनी. ते अज्ञेयवादी होते, म्हणजे देव आहे की नाही हे जाणण्याचं साधन माणसाकडे नाही असं मानणारे. १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ हे पत्र काढलं आणि प्रत्येक रूढीला विवेकाच्या कसोटीवर घासायला सुरुवात केली. त्याचं बक्षीस म्हणून शहराने त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. १८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले, १८९५ मध्ये, ३८ व्या वर्षी, वारले. आज त्याच शहरात आगरकरांच्या नावाचा रस्ता आहे आणि त्यावर पार्किंग मिळत नाही.

दुसरा प्रश्न: उपयोग काय?

आता काकूंकडे वळू. त्यांचा वकील म्हणजे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम. १९१२ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींबद्दलचे वृत्तांत वाचून (स्वतः तो तिकडे कधी गेला नाही) एक विलक्षण सिद्धांत मांडला. देव खरा की खोटा हे बाजूला ठेवा, तो म्हणाला. माणसं जगाचे दोन भाग करतात, पवित्र आणि रोजचं. पवित्रता त्या वस्तूत नसते, ती माणसांच्या एकत्र वागण्यातून वस्तूवर चढते. आपल्याला हे पटायला वेळ लागू नये. रस्त्याकडेचा दगड शेंदूर लागेपर्यंत दगड असतो. शेंदूर लागला की दुसऱ्या दिवसापासून त्याला पाय लावायची कोणाची टाप नसते.

माणसं मोठ्या संख्येने एकत्र येतात, एका तालात हलतात, तेव्हा एक उधाण येतं. ‘मी’ विरघळून ‘आम्ही’ उरतो. दुर्खीमच्या मते माणूस या अनुभवालाच देव म्हणतो. समाजच स्वतःची पूजा करत असतो.

पुस्तकातून हे कोरडं वाटलं तर ज्येष्ठ वद्यात नाना पेठेत उभं राहावं. देहूहून तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबा मंदिरात उतरते, आळंदीहून ज्ञानोबांची भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात. दोन मुक्काम. वाडे, दुकानं, शाळा दिंड्यांना मोकळ्या होतात. वारीत प्रत्येकजण दुसऱ्याला ‘माउली’ म्हणतो. सत्तर वर्षांचा माणूस विशीतल्या पोराच्या पायाला हात लावतो आणि पोरगंही उलटा नमस्कार करतं. मृदंगाचा ठेका धरून शंभर पावलं एकदम पडतात तेव्हा फुटपाथवरच्या बघ्याचाही पाय नकळत हलतो. माझा हललाय. आणि मी काही वारकरी नाही.

टिळकांनी १८९३ पासून गणेशोत्सव चव्हाट्यावर आणला त्यामागेही ही समज होती. (पहिला सार्वजनिक गणपती कोणाचा, १८९२ चा भाऊसाहेब रंगारींचा की टिळकांचा, या वादात मी पडणार नाही. मलाही याच शहरात राहायचंय.) सभा भरवायला इंग्रज सरकार आडवं येत असताना आरतीला जमलेल्या माणसांना अडवणं सोपं नव्हतं. देवाच्या निमित्ताने जमलेला माणूस देशासाठी उपयोगी पडला.

कार्ल मार्क्सचं नावही इथेच घ्यायला हवं, कारण त्याचं एक वाक्य जगभर अर्धंच माहीत असतं. धर्म ही अफूची गोळी आहे, असं तो १८४४ मध्ये छापून आलेल्या लेखात म्हणाला. आपण ऐकतो ते ‘नशा’. पण त्या काळी अफू हे वेदना शमवण्याचं नेहमीचं औषध होतं, आणि त्याच उताऱ्यात तो धर्माला पिचलेल्या जिवाचा सुस्कारा, निर्दय जगाचं हृदय म्हणतो. दाढ ठणकत असताना गोळी घेतली की खरंच बरं वाटतं, त्यात खोटं काही नाही. मार्क्सची तक्रार अशी, की बरं वाटलं म्हणून माणूस दातांच्या डॉक्टरकडे जायचं टाळतो आणि दाढ आतून किडत राहते. गोळी हिसकावून घेणं हा त्यावर उपाय नव्हे, हेही त्याच्याच म्हणण्यातून निघतं.

पण चिकटवणारा डिंक वेगळंही करतो

काकूंच्या बाजूने बोलताना एक अडचण येते. ती इरावती कर्व्यांनी फार पूर्वी पाहिली. डेक्कन कॉलेजमध्ये समाजशास्त्र शिकवणाऱ्या इरावतीबाई स्वतः वारीला चालत गेल्या. ज्या देशातले लोक पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र, अशी व्याख्या त्यांना तिथेच सुचली. इतकी सुंदर व्याख्या करणाऱ्या बाईंना तिथेच हेही दिसलं, की एकाच दिंडीत चालणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगवेगळे बसतात. दिवसभर एकच अभंग गायलेली तोंडं संध्याकाळी वेगळ्या पंगतीत.

आणि वारी जिथे पोचते तिथे? चोखोबांची समाधी विठ्ठलाच्या महाद्वारासमोर आहे, म्हणजे बाहेर. ते आत जाऊ शकले नाहीत. त्यांच्यानंतर सहाशे वर्षांनी, १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजींना पंढरपूरला प्राणांतिक उपोषण करावं लागलं, तेव्हा कुठे ते दार दलितांना उघडलं. पुण्यातही १९२९ मध्ये पर्वतीच्या देवळात प्रवेशासाठी सत्याग्रह झाला आणि सत्याग्रहींवर दगड पडले.

गणेशोत्सवाचंही असंच दुहेरी आहे. त्याआधी पुण्यातल्या मोहरमच्या ताबुतांत हिंदूही मोठ्या संख्येने नाचत-मिरवत. १८९३ मध्ये मुंबईत दंगा झाला, ते प्रमाण घटलं, आणि काही गणेशमेळ्यांच्या पदांतून ‘ताबुतांना जाऊ नका’ असा प्रचार झाला. त्याच शहरातला मानाचा तिसरा, गुरुजी तालमीचा गणपती मात्र १८८७ मध्ये हिंदू आणि मुसलमान तालीमवाल्यांनी मिळून बसवलेला. एकाच सणाने भिंतही बांधली आणि दारही ठेवलं. तेव्हा ‘धर्माने समाज एकत्र येतो’ असं कोणी म्हटलं की मी हल्ली विचारतो, कुठवर? पंगत कुठे संपते?

एक आक्षेप श्रद्धाळू माणसाचाही आहे आणि तो मला वजनदार वाटतो. विठोबाला भेटायला अडीचशे किलोमीटर चालणारी बाई ‘मी समाजाची पूजा करायला चाललेय’ असं म्हणत नाही. तिला विठोबा हवा असतो. तिच्या अनुभवाचा अर्थ तिच्या पाठीमागे दुर्खीमने परस्पर ठरवावा, हा जरा आगाऊपणाच आहे. शिवाय उपयोगी आहे म्हणून खरं आहे असं होत नाही, आणि खोटं आहे म्हणून निरुपयोगी आहे असंही होत नाही. काका आणि काकू सव्वा तास भांडले ते याच फटीत.

तिसरा प्रश्न: ठरवणार कोण?

माझं मत सांगायचं तर महाराष्ट्राने जगाच्या विचारात घातलेली खरी भर या तिसऱ्या प्रश्नात आहे.

जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज काढला. फुले नास्तिक नव्हते. जगाच्या निर्मात्याला त्यांनी ‘निर्मिक’ असं नाव दिलं होतं. त्यांचा झगडा देव आणि माणूस यांच्यामध्ये बसलेल्या मध्यस्थाशी होता. आरटीओतल्या एजंटसारखं समजा. काम सरकारचं, अर्ज तुमचा, फी तुमची, पण एजंटाशिवाय खिडकी उघडणार नाही अशी व्यवस्था. फुले म्हणाले, खिडकी सगळ्यांना उघडी आहे, एजंट उठवा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात भटजीशिवाय पहिलं सत्यशोधकी लग्न लागलं. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी एका कुटुंबाची कल्पना केली आहे. बायकोने बौद्ध ग्रंथ वाचून तो धर्म घ्यावा, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावं, मुलीला कुराण पटलं तर तिने मुसलमान व्हावं, मुलाने सत्यधर्म स्वीकारावा, आणि सगळ्यांनी एका घरात प्रेमाने राहावं. वाचून, विचार करून, ज्याचं त्याने ठरवावं. आजच्या घडीला हा मजकूर एखाद्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून बघा.

ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याकडे असला की काय होतं, याचा पुण्यातला नमुना म्हणजे चहा. ऑक्टोबर १८९० मध्ये गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली. पाद्र्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कोणी घेतली, कोणी कपाला नुसता हात लावला. काही दिवसांनी गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि शहर पेटलं, कारण ख्रिस्त्यांच्या हातचा चहा घेतला म्हणजे धर्म बुडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. न्यायमूर्ती रानडे आणि टिळक दोघंही त्या यादीत. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. हायकोर्टाच्या न्यायाधीशपदापर्यंत पोचणाऱ्या रानड्यांनी शेवटी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. चहाने पाप लागतं असं रानड्यांना वाटत होतं असं समजू नका. वाळीत टाकल्यावर घरच्या लेकीबाळींची लग्नं, श्राद्धपक्ष, पंगती, सगळं अडतं. पहिल्या प्रश्नावर रानड्यांचं उत्तर पक्कं होतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या हातात नव्हतं.

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावेळी हे आणखी स्वच्छ दिसलं. मुलीशी, मग ती विवाहित का असेना, शरीरसंबंधासाठीची वयाची अट १० वरून १२ वर न्यायची, एवढीच दुरुस्ती होती. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी शास्त्रवचनं काढून दाखवलं की हे धर्माविरुद्ध नाही. आगरकर म्हणाले, शास्त्र काहीही सांगो, दहा वर्षांच्या मुलीचे हाल आहेत, एवढं पुरे. टिळक म्हणाले, सुधारणा आम्ही आमची करू, परक्या सरकारला आमच्या धर्मात हात घालायचा अधिकार नाही. तिघंही हुशार, पण प्रश्न तीन. ज्या मुलींबद्दल हे चाललं होतं त्यांना मात्र कोणी सभेत बोलावलं नव्हतं.

डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये यावर एक फार उपयोगी भेद सांगितला, नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म. पुण्याच्या भाषेत सांगतो. ‘हेल्मेट घाल’ हा नियम. ‘माझ्यामुळे कोणाचा जीव धोक्यात येऊ नये’ हे तत्त्व. नियम पाळणाऱ्याला विचार करावा लागत नाही, पोलीस दिसला की डोक्यावर चढवायचं, चौक गेला की आरशाला अडकवायचं. तत्त्व मानणाऱ्याला प्रत्येक वेळी स्वतः ठरवावं लागतं आणि ठरवल्याची जबाबदारी घ्यावी लागते. आंबेडकरांच्या मते जे धर्म म्हणून चाललंय ते बरंचसं नियमांचं बाड आहे, आणि ते मोडणं अधर्म नाही. धर्मच नको, असं मात्र ते म्हणाले नाहीत. समाजाला धर्माचा पाया लागतो असं ते मानत होते. म्हणून १९५६ मध्ये त्यांनी बुद्धाचा धम्म घेतला, जिथे देवाच्या जागी नीती आहे. त्याआधी दोन वर्षं, १९५४ च्या नाताळच्या दिवशी, त्यांनी देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली होती. तुकोबांच्या देहूपासून ती जागा किती जवळ आहे, हे नकाशात बघण्यासारखं आहे.

मग सरकारने कुठे उभं राहायचं?

इंग्लंडच्या जॉन लॉकने १६८९ मध्ये साधं कारण दिलं. सरकारच्या हातात असते ती बळजबरी, आणि बळजबरीने माणूस गुडघे टेकेल, पण मनातून मानणार नाही. तेव्हा आत्म्याच्या कल्याणात सरकारने पडू नये. फ्रान्सने यातून धर्म आणि सरकार यांच्यामध्ये उंच भिंत बांधली. भारताने बांधली नाही, आणि ते विसरभोळेपणाने झालेलं नाही. संविधानाच्या २५ व्या कलमात धर्मस्वातंत्र्य आहे, पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. त्याच कलमात समाजसुधारणेसाठी आणि हिंदूंची सार्वजनिक देवळं सर्व हिंदूंना खुली करण्यासाठी कायदा करायची मुभा आहे. चोखोबांच्या समाधीकडे बघितलं की ही मुभा का ठेवली ते कळतं. भिंत बांधली असती तर सरकारला महाद्वारापाशी थांबावं लागलं असतं.

याची किंमतही आहे. १९५४ च्या, उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यापासून न्यायालयांना ‘ही प्रथा त्या धर्माचा आवश्यक भाग आहे का’ हे ठरवावं लागतं. म्हणजे न्यायाधीशांनी पोथी उघडायची. हे मला आजही अवघडल्यासारखं वाटतं. २०२५ मध्ये राज्य सरकारने गणेशोत्सवाला ‘राज्य महोत्सव’ जाहीर केलं तेव्हाही प्रश्न तोच होता. सरकार सणाला मदत करतंय की सण सरकारचा होतोय?

जादूटोणाविरोधी कायद्याची गोष्ट तर पुण्याच्या रक्ताने लिहिलेली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी ओंकारेश्वर पुलावर त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. ‘हा कायदा वारीवर बंदी आणेल’ असं तेव्हा छातीठोकपणे सांगितलं जात होतं. कायदा उघडून वाचला तर यात्रा (म्हणजे वारीही), कीर्तन, प्रवचन, भजन यांना तो लागू नाही असं त्यातच लिहिलंय. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवणं हा मात्र गुन्हा आहे. क्लिफर्ड आणि जेम्स यांची वाटणी आपल्या विधानसभेने, त्यांचं नाव न घेता, बरोबर केली.

‘पण धर्म गेला तर नीती कशी टिकेल?’

हा आक्षेप सॉक्रेटिसच्या काळापासून आहे. त्यावरचा प्रतिप्रश्नही तितकाच जुना आहे. चांगलं हे देवाने सांगितलं म्हणून चांगलं, की चांगलं आहे म्हणून देवाने सांगितलं? पहिलं म्हणाल तर उद्या देवाने चोरी करा म्हटलं की चोरी चांगली ठरेल. दुसरं म्हणाल तर चांगलं काय हे देवाला न विचारताही कळू शकतं. आगरकर आयुष्यभर दुसऱ्या बाजूला उभे राहिले आणि स्वतःच्या वागण्याने ते दाखवत राहिले. पण कळणं वेगळं आणि रोज पहाटे उठून तसं वागणं वेगळं. माळ घातलेला माणूस दारू सोडतो तेव्हा त्याला पुरावा मिळालेला नसतो, सोबत मिळालेली असते.

‘विज्ञान वाढलं की हे सगळं आपोआप संपेल’

असं शंभर-दीडशे वर्षं सांगितलं जातंय. या शहरात दीड-दोन शतकांत केवढी कॉलेजं, प्रयोगशाळा आणि सॉफ्टवेअर कंपन्या उभ्या राहिल्या, तरी वारीत दरवर्षी संगणक अभियंत्यांच्याही दिंड्या चालताना दिसतात. विज्ञान पहिल्या प्रश्नाला हात घालतं. दुसऱ्याला ते क्वचितच शिवतं.

‘एकाच धर्माला का बोलता?’

न्याय्य तक्रार आहे, कधी कधी. पण पुण्याच्याच इतिहासात तिला उत्तर आहे. हमीद दलवाईंनी २२ मार्च १९७० रोजी याच शहरात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. नाव मुद्दाम फुल्यांकडून घेतलेलं. तोंडी तलाक, बहुपत्नीत्व, मुसलमान बाईचे हक्क यांवर ते बोलले आणि आपल्याच समाजाचा रोष ओढवून घेतला. १९७७ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणताही धार्मिक विधी न करता दहन झालं. प्रश्न विचारणारा आतला असला की त्याला घरभेदी म्हणायचं आणि बाहेरचा असला की ‘तुम्हाला काय कळतं’ म्हणायचं, ही सोय सगळ्या धर्मांनी सारखीच वापरली आहे.

सभेत बोलायची भाषा

शेवटी एक कामाची गोष्ट. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स म्हणे, सार्वजनिक निर्णयासाठी द्यायची कारणं अशी असावीत की वेगळी श्रद्धा असणाऱ्यालाही ती तोलता येतील. ‘दहानंतर स्पीकर नको, दुसऱ्या मजल्यावर बारावीचं पोर आहे’ हे कारण सगळ्यांना कळतं. ‘शास्त्रात लिहिलंय’ हे ते शास्त्र मानणाऱ्यालाच. जर्मन तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमासने त्यात दुरुस्ती सुचवली. श्रद्धाळू माणसानेच सगळं भाषांतर करायचं, हा अन्याय आहे. ऐकणाऱ्यानेही थोडे कष्ट घ्यावेत, कारण धार्मिक भाषेत कधी कधी असं काही सांगितलेलं असतं जे कायद्याच्या भाषेला अजून सुचलेलं नसतं. मला हाबरमास पटतो. सगळी माणसं सारखी, हे महाराष्ट्राने संविधानात वाचण्याच्या कितीतरी आधी अभंगात ऐकलं होतं.

आमच्या सभेत शेवटी ठरलं ते असं. मेंटेनन्समधून पैसे घ्यायचे नाहीत, ज्याला द्यायची त्याने वर्गणी द्यावी, आणि पार्किंगची जागा सगळ्यांचीच असल्याने पूजेला कोणी हरकत घेऊ नये. काकांनी वर्गणी दिली नाही. पूजेच्या दिवशी खुर्च्या मात्र त्यांनीच मांडल्या आणि शिऱ्यात केळं कमी पडलंय हेही त्यांनीच सांगितलं. आयटीवाल्या मुलाने पाचशे रुपये दिले.

सगळं आवरताना काकूंच्या लक्षात आलं की वॉचमनचा प्रसाद दरवर्षीप्रमाणे गेटवर पाठवला गेलाय. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग स्वतः गेटपर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, “आत या दादा, बसून घ्या.” तो म्हणाला, “गेट सोडून कसं येऊ ताई?” तेव्हा मुलगा म्हणाला, “जावा तुम्ही, मी थांबतो,” आणि पुढची पंधरा मिनिटं तो गेटवरच्या स्टुलावर बसून फोन बघत होता. तेवढ्यात दोन डिलिव्हरीवाले वहीत नोंद न करताच आत गेले. त्यावरून आता पुढच्या सभेत विषय आहे.